सुटा भाग आणि त्याचा दाखला

गोंदिया शहराजवळचं नागरा हे गाव ओळखलं जातं ते तिथल्या जुन्या शिवमंदिरामुळे. भोवती धानाची शेती, जवळच राइस मिलांचं शहर आणि हावडा-मुंबई लोहमार्गावरचं मोठं जंक्शन. याच तालुक्यात बिरसीला विमानतळ आहे. तिथली मूळ धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली. आता तिथे नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये वैमानिक घडतात आणि त्यांची डायमंड बनावटीची छोटी विमानं परिसराच्या आकाशात घिरट्या घालतात. 13 मार्च 2022 पासून इथून प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. गोंदियाच्या मुलाला विमान अनोळखी राहिलेलं नाही. ते चालवायला शिकवणारी संस्थाही त्याच्या तालुक्यात आहे. मात्र ते विमान ज्या सुट्या भागांचं बनतं, ते भाग कोण, कुठे आणि कसे घडवतं, याची माहिती मराठीत शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. पुढील प्रकरणं त्यासाठी लिहिली आहेत.

बोइंग 747 या एका विमानात सुमारे 60 लाख भाग असतात आणि त्यांतले निम्मे नुसते फास्टनर, म्हणजे रिव्हेट, बोल्ट, पिना वगैरे. उरलेल्यांत ब्रॅकेट, बुश, बिजागऱ्या, फिटिंग, रिब, हाउसिंग असे असंख्य प्रकार. जगातली कोणतीही विमान कंपनी हे सगळं स्वतः बनवत नाही. ती आराखडा करते, जुळणी करते आणि उडण्यायोग्यतेची जबाबदारी घेते. भाग येतात ते पुरवठादारांच्या उतरंडीतून. वरच्या पायरीवरचा पुरवठादार आख्खा दरवाजा किंवा पंखाचा भाग देतो. त्याच्या खालचा त्या दरवाजाची बिजागरी देतो आणि आणखी खालचा त्या बिजागरीचा बुश. शेवटच्या पायरीवर अनेकदा दहा-पंधरा माणसांचं, दोन-चार सीएनसी मशीनचं वर्कशॉप असतं. हे पुस्तक मुख्यतः त्या वर्कशॉपच्या मालकासाठी, त्याच्या सेटरसाठी आणि आयटीआयमधून टर्नर किंवा मशीनिस्ट होऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी आहे.

या धंद्यात गिऱ्हाईक दोन गोष्टी विकत घेतं. एक म्हणजे तो भाग. दुसरी म्हणजे तो भाग ड्रॉइंगप्रमाणेच आहे, ठरलेल्या धातूचाच आहे आणि ठरलेल्या पद्धतीनेच बनला आहे, याचा लेखी दाखला. पहिली गोष्ट चांगलं मशीन आणि चांगला कारागीर मिळून देऊ शकतात. दुसरीसाठी आख्ख्या वर्कशॉपची सवय बदलावी लागते. विदर्भातल्या कारागिराच्या हातात कसब नाही म्हणून तो या क्षेत्राबाहेर आहे, असं मानायला काही आधार नाही. अडतं ते या दुसऱ्या गोष्टीपाशी. म्हणून पुढच्या प्रकरणांत मशीनइतकीच जागा मोजमापाला आणि नोंदीला दिली आहे.

विमानाचा आणि साध्या वर्कशॉपचा संबंध विमानाइतकाच जुना आहे. राइट बंधूंचा धंदा सायकलींचा होता. 1903 सालच्या त्यांच्या विमानाला हवं तसं इंजिन कोणी बनवून देईना, तेव्हा त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलर याने ते दुकानातच, सहा आठवड्यांत तयार केलं. हाताशी होतं ते एक लेथ, एक ड्रिल प्रेस आणि नेहमीची हातहत्यारं. क्रँकशाफ्टसाठी त्याने सुमारे 100 पौंडांची पोलादी पाटी घेतली, तिच्यावर आकृती आखली, कडेकडेने भोकं पाडली, नको असलेला भाग छिन्नी-हातोड्याने उडवला आणि मग जॉब लेथवर चढवला. तयार शाफ्ट भरला 19 पौंड. म्हणजे पाचातले चार भाग धातू किस आणि तुकडे होऊन जमिनीवर पडला. आजही विमानाचे कित्येक भाग असेच मोठ्या ठोकळ्यातून कोरून काढले जातात. छिन्नीची जागा मिनिटाला हजारो फेरे मारणाऱ्या कटरने घेतली, एवढाच फरक.

मराठी मुलखातही यंत्रविद्येची एक मोठी परंपरा सायकलच्या दुकानातूनच सुरू झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर आला, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि 1941 मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्करचा लेथचा कारखाना निघाला. त्याच सुमारास, सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, तिच्यातूनच घडली. नांगराचा फाळ, लेथ आणि विमान ही तिन्ही कामं एकाच पिढीच्या, मराठी मुलखातल्या उद्योजकांनी अंगावर घेतली होती, हे आजच्या वर्कशॉपवाल्याने लक्षात ठेवावं.

या कामाला इतकी शिस्त का लागते, हे एका भोकाच्या कहाणीवरून कळतं.

6 जुलै 1996 रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या पेन्साकोला विमानतळावर डेल्टा एअरलाइन्सच्या 1288 क्रमांकाच्या फेरीचं एमडी-88 विमान उड्डाणासाठी धावत होतं. डाव्या इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा टायटॅनियमचा हब फुटला. त्याचे तुकडे विमानाची भिंत भेदून आत घुसले आणि दोन प्रवासी मृत्युमुखी पडले. चौकशीत धागा मागे नेत नेत तपास पोचला कारखान्यातल्या ड्रिलिंगपर्यंत. हबमध्ये बोल्टसाठी भोकं पाडताना एका भोकात उष्णता इतकी वाढली होती की भिंतीलगतच्या टायटॅनियमची अंतर्गत रचनाच बदलून तो कडक आणि ठिसूळ झाला. तिथून सूक्ष्म चीर सुरू झाली आणि उड्डाणागणिक वाढत गेली. कारखान्यातल्या तपासणीत त्या जागी खूण दिसलीही होती, पण ती निकषात बसते असं ठरवलं गेलं. पुढे देखभालीच्या तपासणीतही चीर नजरेतून सुटली.

त्या भोकाचा व्यास चुकला नव्हता. गेज घालून पाहिलं असतं तर जॉब पास झाला असता. चूक होती ती भोक पाडण्याच्या रीतीत, आणि ती कोणत्याही व्हर्निअरवर दिसणारी नव्हती. म्हणून विमानाच्या भागाचं माप बरोबर असून भागत नाही. ड्रिल कोणतं वापरलं, किती फेऱ्यांवर चालवलं, कूलंट टोकापर्यंत पोचत होतं का, ड्रिल मध्येच तुटलं का, तुटलं असेल तर ऑपरेटरने ते सांगितलं का, हे सगळं भागाच्या गुणवत्तेत मोजलं जातं. ज्या वर्कशॉपमध्ये तुटलेलं ड्रिल भीतीपोटी लपवलं जातं, त्याने कितीही महागडी मशीनं आणली तरी हे काम घेऊ नये. उलट ऑपरेटर हात वर करून जॉब बाजूला ठेवतो आणि त्याबद्दल त्याला बोलणी खावी लागत नाहीत, तिथे या कामाचा पाया घातला गेला असं समजावं.

कोपऱ्यांचंही असंच आहे. 1954 साली कॉमेट जातीची दोन जेट विमानं हवेत फुटली. तपासासाठी ब्रिटनमध्ये फार्नबरोला आख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या आतला दाब पुन्हा पुन्हा वाढवला आणि उतरवला. धातू शिणून फाटला तो खिडकी-झरोक्यांच्या कोपऱ्यांपाशी, जिथे ताण एकवटतो. ड्रॉइंगवर आतल्या कोपऱ्याला 3 मिलिमीटरची गोलाई लिहिली असेल, तर ती शोभेसाठी नसते. कडेवर राहिलेली बर, कटरने ओढलेली एखादी खोल रेघ, डीबरिंग करताना कानशीने पडलेला ओरखडा, यांतल्या कशातूनही चीर सुरू होऊ शकते.

आता मोजमापाकडे येऊ. या क्षेत्राचं चलन आहे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. विमानाच्या साध्या ब्रॅकेटवर 100 मायक्रॉनचा टॉलरन्स, म्हणजे सूट, मिळू शकतो, बेअरिंग बसणाऱ्या बोअरला मात्र 10-15 मायक्रॉनपलीकडे मुभा नसते. गोंदियाच्या मिस्त्रीला अचूकपणा नवा नाही. राइस मिलमध्ये उलट दिशांनी, वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन रबर रोलांमधलं अंतर जरा कमी पडलं की तांदूळ तुटून कणी वाढते, जरा जास्त झालं की धान सोललं जात नाही. हे अंतर तो मिलच्या आवाजावरून आणि तळहातावरच्या तांदळावरून ताडतो. विमानाच्या कामात ही जाण उपयोगी पडतेच, फक्त ती आकड्यात उतरवून कागदावर आणावी लागते.

आणि इथे विदर्भाचा उन्हाळा आडवा येतो. जगभर लांबीची मापं 20 अंश सेल्सिअसला धरली जातात, ते आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. अॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉनने वाढतो. समजा मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये 45 अंश तापमान आहे आणि टेबलावर 300 मिलिमीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा जॉब आहे. प्रमाण तापमानापेक्षा तो 25 अंशांनी गरम. हिशेब केला तर तो सुमारे 170 मायक्रॉनने लांब झालेला असतो, म्हणजे दोन केसांच्या जाडीहून जास्त. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स 50 मायक्रॉनचा असेल, तर त्या दुपारी बरोबर वाटलेला जॉब 20 अंशांच्या खोलीत मापाबाहेर जातो. मोजपट्टी पोलादाची असेल तर तीही वाढलेली असते, पण अॅल्युमिनियमच्या साधारण निम्म्याने, त्यामुळे चूक झाकली जात नाही. नुकताच मशीनवरून उतरलेला जॉब तर आणखी गरम असतो.

यावर उपाय आहे आणि तो परवडणारा आहे. सगळं शेड थंड करायची गरज नाही. एक छोटी बंद खोली, तिला एसी, आत ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, हाइट गेज, स्लिप गेज आणि भिंतीवर तापमानाची वही. जॉब तिथे काही तास ठेवायचा आणि मगच मोजायचा. मोठ्या कारखान्यांतली सीएमएम, म्हणजे तिन्ही दिशांनी मोजणारी मशीन, अशाच थंड खोलीत असते. लहान वर्कशॉपने आधी खोली करावी, सीएमएम नंतर घ्यावी. तोवर अवघड जॉबचं माप नागपुरासारख्या ठिकाणच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून आणता येतं. मोजण्याची साधनंही ठरावीक मुदतीने एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी लागतात, कारण मायक्रोमीटरच चुकीचा असेल तर त्याने मोजलेल्या प्रत्येक जॉबचा दाखला खोटा ठरतो.

धातूंचे स्वभाव वेगळे आणि त्यांवर पुढे स्वतंत्र प्रकरणं आहेत, तरी दोघांची ओळख इथे करून द्यायला हवी.

पहिला अॅल्युमिनियम. विमानातला अॅल्युमिनियम भांड्याकुंड्यांचा नव्हे. 7075, 7050, 2024 अशा क्रमांकांचे हे मिश्रधातू असतात. कापायला ते सोपे. खरी पंचाईत जॉब सोडल्यावर होते. जाड प्लेटमध्ये तयार होतानाच आत ताण कोंडलेले असतात. ठोकळ्यातला 90 टक्के धातू काढून दीड मिलिमीटर जाडीच्या भिंती उरल्या की त्या ताणांचा तोल बिघडतो आणि फिक्स्चरचे क्लॅम्प सैल करताच जॉब केळ्यासारखा वाकतो. म्हणून प्लेट कारखान्यातच ताणून तिच्यातला ताण कमी केलेला असतो. 7050-टी7451 या नावातले शेवटचे 51 हे आकडे त्याचीच खूण आहेत. तरीही अनुभवी सेटर आधी दोन्ही बाजूंनी जाडसर काम करतो, मध्ये क्लॅम्प सोडून जॉबला मोकळं होऊ देतो, जेवढा वाकायचा तेवढा वाकू देतो आणि मग हलक्या हाताने पुन्हा धरून शेवटचे कट घेतो. वेळ जातो, पण जॉब वाचतो.

दुसरा टायटॅनियम. हलका, चिवट आणि उष्णता पुढे जाऊ न देणारा. पोलाद किंवा अॅल्युमिनियम कापताना बरीचशी उष्णता किसाबरोबर आणि जॉबमधून निघून जाते. टायटॅनियममध्ये ती टूलच्या टोकाशीच साचते. अॅल्युमिनियम मिनिटाला हजार मीटरच्याही पुढच्या कटिंग स्पीडने कापता येतो, टायटॅनियमला नेहमीच्या कार्बाइड टूलने साधारण 40 ते 60 मीटरवर समाधान मानावं लागतं. घाई केली की इन्सर्ट जळतो. उष्णता टोकाशी साचू दिली तर काय होतं, ते पेन्साकोलाने दाखवलं आहे.

धातूबरोबर त्याचा कागद येतो. ज्या भट्टीतून तो ओतला गेला तिचा हीट नंबर, त्यातल्या घटकांचं प्रमाण आणि ताकदीच्या चाचण्या. हा नंबर प्लेटवरून कापलेल्या तुकड्यावर, तुकड्यावरून जॉब कार्डावर आणि तिथून तयार भागाच्या कागदांवर उतरत जातो. नंबर पुसला गेलेला तुकडा कितीही चांगला दिसो, विमानाच्या कामाला तो स्क्रॅप. नव्या भागाच्या पहिल्या नगाची तर पूर्ण झडती होते. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाभोवती गोल काढून त्याला क्रमांक देतात, वर्कशॉपमध्ये त्याला बलूनिंग म्हणतात. मग क्रमांकवार प्रत्येक माप, प्रत्येक टीप, प्रत्येक प्रक्रिया तपासून तक्त्यात लिहायची. याला फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन म्हणतात आणि त्याची पद्धत एएस 9102 या प्रमाणात ठरवून दिली आहे. एखाद्या हातभर लांबीच्या ब्रॅकेटलाही शंभरावर बलून पडू शकतात. हा नग मंजूर झाल्यावर रीत गोठवली जाते. पुढे मशीन बदलायचं, जॉब दुसऱ्या शेडमध्ये हलवायचा किंवा कच्चा माल दुसरीकडून घ्यायचा, तर आधी गिऱ्हाइकाला कळवून मान्यता घ्यावी लागते.

वर्कशॉपची एकूण व्यवस्था तपासणारं प्रमाण म्हणजे एएस 9100. आयएसओ 9001 हा त्याचा पाया आणि त्यावर विमानउद्योगाच्या जादा अटी. उष्णतोपचार, अॅनोडायझिंग, चिरांची तपासणी अशा प्रक्रियांना नॅडकॅपची वेगळी मान्यता लागते, कारण त्यांचं फळ तयार भागाकडे नुसतं बघून कळत नाही. उदाहरणार्थ पेनेट्रंट तपासणी. भाग स्वच्छ धुऊन चमकणाऱ्या रंगद्रवात बुडवतात. द्रव चिरेत झिरपतो. पृष्ठभाग पुसून त्यावर पांढरी भुकटी मारतात आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरतात. चीर असेल तिथे हिरवट-पिवळी रेघ उजळते. करायला साधी वाटणारी ही तपासणी पूर्णपणे माणसाच्या डोळ्यावर आणि त्याच्या चिकाटीवर चालते. म्हणूनच तपासनीसाची दृष्टीसुद्धा ठरावीक काळाने तपासली जाते.

हे सगळं महाराष्ट्रात आणि सीमाभागात प्रत्यक्ष घडतं आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला, जे गाव साखर कारखान्याभोवती वसलं, तिथे इस्रोच्या रॉकेटांची मोटर केसिंग बनतात. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं केसिंग 2.8 मीटर व्यासाचं आणि एलव्हीएम-3 च्या एस-200 बूस्टरचं 3.2 मीटर व्यासाचं, दोन्ही मॅरेजिंग जातीच्या खास पोलादाची. केसिंग खंडाखंडांत बनतं आणि हे खंड एकावर एक बसवून जोडले जातात, त्यामुळे जोडाच्या कडा एवढ्या मोठ्या वर्तुळावर सर्वत्र सारख्या उतराव्या लागतात. असा जोड किती महत्त्वाचा, हे जगाने 28 जानेवारी 1986 रोजी पाहिलं. बूस्टरच्या खंडांमधल्या जोडातून गळती झाली आणि चॅलेंजर यान सात अंतराळवीरांसह नष्ट झालं. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात विकास इंजिन आणि क्रायोजेनिक इंजिनाचे भाग तयार होतात. 14 जुलै 2023 रोजी चांद्रयान-3 घेऊन उडालेल्या रॉकेटमध्ये विक्रोळी आणि वालचंदनगर या दोन्ही ठिकाणचं काम होतं.

नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना 1964 मध्ये मिग विमानांसाठी उभा राहिला, पुढे तिथे सुखोई-30 बांधली गेली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये ओझरच्या नव्या साखळीतून तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-1ए विमानाने उड्डाण केलं. विमानाचा कारखाना गावाजवळ आला की परिसरातल्या लहान वर्कशॉपनाही जिग, फिक्स्चर आणि छोट्या भागांचं काम मिळण्याची वाट उघडते.

लहान पुरवठादारांनी सर्वांत बारकाईने पाहावं ते मात्र हत्तरगी. कोल्हापूर आणि बेळगाव यांच्यामध्ये, पुणे-बंगळूर महामार्गालगत हुक्केरी तालुक्यात एकस या कंपनीचं विशेष आर्थिक क्षेत्र आहे. अचूक अभियांत्रिकीसाठीच ते वसवलं गेलं. एका आवारात घडाई, मशीनिंग आणि पृष्ठप्रक्रिया. घडाईसाठी फ्रान्सच्या ओबेर अँड दुवाल या कंपनीशी भागीदारी आणि 10,000 टनी प्रेस, पृष्ठप्रक्रियेसाठी कॅनडाच्या मॅगेलन एरोस्पेसशी भागीदारी. यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. पूर्वी भारतात मशीनिंग झालेला भाग अॅनोडायझिंगसाठी परदेशी पाठवावा लागे आणि आठवडेच्या आठवडे वाटेत जात. सगळ्या प्रक्रिया एकमेकींच्या शेजारी आल्या की भाग त्याच आवारातून तयार होऊन थेट एअरबससारख्या गिऱ्हाइकाकडे जातो. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात ओतकाम आणि लेथकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. त्या तयार हातांना तिथे नवी शिस्त मिळाली.

विदर्भाचं उत्तर आहे नागपूरचं मिहान औद्योगिक क्षेत्र. गोंदियाहून रेल्वेने सुमारे 130 किलोमीटरवर नागपूर, आणि तिथे विमानांचं देखभाल केंद्र, बोइंग 787 साठी संमिश्र पदार्थांचे फ्लोअर बीम बनवणारा टाटांचा कारखाना आणि दासो-रिलायन्सचा कारखाना. शेवटच्या कारखान्याची पायाभरणी ऑक्टोबर 2017 मध्ये झाली आणि फाल्कन 2000 जेटच्या नाकाचा भाग तिथून जाऊ लागला. जून 2025 मध्ये पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात जाहीर झालं की संपूर्ण फाल्कन 2000 विमानाची जुळणी नागपुरात होईल. शिवाय नागपुरातच जवाहरलाल नेहरू अॅल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, अंबाझरीचा आयुध कारखाना आहे, व्हीएनआयटी आहे. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात वरठीला मिश्र पोलाद बनतं. गोंदियाच्या वर्कशॉपला दिवसभरात जाऊन परत येता येईल एवढ्या अंतरात हे सगळं आहे.

मागणीची चिंता करण्याचं कारण नाही. 2023 च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने 470 विमानांची आणि जूनमध्ये इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली. एअरबस आणि बोइंग या दोन्ही कंपन्या भारतातून दरवर्षी प्रत्येकी एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे भाग आणि सेवा घेतात. या धंद्यात एकदा बसलेला जम लवकर मोडत नाही, कारण एखादं विमान दशकानुदशकं बनत राहतं. एअरबस ए-320 पहिल्यांदा उडालं 1987 मध्ये आणि त्याच घराण्यातली विमानं आजही जुळणीतून बाहेर पडत आहेत. आज मंजूर झालेला बुश मालकाच्या मुलाच्या काळातही चालू राहू शकतो.

अडचणी मात्र लपवून उपयोग नाही. चौकशी येण्यापासून पहिलं बिल निघेपर्यंत दोन वर्षं जाऊ शकतात. त्या काळात प्रमाणपत्रांचा, नमुन्यांचा आणि माणसांच्या शिक्षणाचा खर्च चालूच असतो. विमानाच्या दर्जाची प्लेट बरीचशी बाहेरून येते, थोडी हवी म्हणून थोडी मिळत नाही. पैसे हाती पडायला अनेकदा तीन-तीन महिने लागतात. सुरुवातीला नग कमी आणि प्रकार फार. कर्ज काढून पाच-अक्षी मशीन आणली आणि तिला पुरेल एवढं काम नसलं, तर हप्ते वर्कशॉप बुडवतात. म्हणून पुढच्या एका प्रकरणात पैशांच्या ओघाची मांडणी महिनावार करून दाखवली आहे. वाहन, शेती अवजारं किंवा राइस मिलच्या भागांचं चालू काम न सोडता, शेडचा एक कोपरा वेगळा काढून त्यात विमानाच्या कामाची रीत कशी बसवावी, हेही तिथे येतं.

माणसांचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. आयटीआयमध्ये टर्नर, मशीनिस्ट आणि फिटर हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम गोंदियातली मुलं पुरे करतात आणि कामासाठी पुणे, नाशिक, बंगळूर गाठतात. तिथे जी काही शिस्त शिकतात ती तिथेच राहते. ही मुलं परत यावीत, त्यांना गावाजवळ त्याच दर्जाचं आणि त्याच मानाचं काम मिळावं, ही या लेखनामागची तळमळ आहे. त्यासाठी आख्खा विमान कारखाना गोंदियात यायची वाट पाहावी लागत नाही. नागपूरच्या एखाद्या वरच्या पायरीवरच्या पुरवठादाराला वर्षाला काही हजार नग बिनचूक देणारं एक वर्कशॉप तालुक्यात उभं राहिलं, तरी त्याच्या मागे दुसरं उभं राहायला उदाहरण मिळतं.

प्रकरणांचा क्रम याच विचाराने लावला आहे. पहिली तीन मोजमापाची: तापमान, साधनांची तपासणी, ड्रॉइंगवरच्या भौमितिक खुणांचं वाचन. पुढची चार धातूंची आणि कापण्याची. मग फिक्स्चर, डीबरिंग आणि पृष्ठप्रक्रिया. शेवटच्या भागात एएस 9100 ची तयारी, पहिल्या नगाचा तक्ता, दरपत्रक आणि पैशांचा हिशेब. वर्कशॉपमध्ये रोज बोलले जाणारे शब्दच वापरले आहेत. टॉलरन्सला टॉलरन्स आणि जॉबला जॉब म्हटलं आहे, म्हणजे वाचलेलं दुसऱ्या दिवशी मशीनवर तसंच्या तसं बोलता येईल. प्रत्येक प्रकरणाअखेर एक काम दिलं आहे. पहिलं काम असं: अॅल्युमिनियमचा 300 मिलिमीटरचा एक तुकडा, तपासून घेतलेला मोजण्याचा एक संच, एक तापमापी आणि एक वही घ्यावी, आठवडाभर सकाळी सात वाजता आणि दुपारी तीन वाजता त्याच माणसाने तोच तुकडा मोजावा आणि दोन्ही आकडे तापमानासह, सही करून लिहून ठेवावेत.